खजिनदार खोटं बोलला, मंडळीने त्याला कशाने मोजावं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खजिनदाराने आपल्या देवळाच्या छपरासाठी जमलेल्या निधीतले ६०,००० रुपये सात महिने स्वतःसाठी वापरले. कमिटीने दोनदा विचारलं तेव्हा "एफडीत टाकलेत, मोडायला वेळ लागतो" असं सांगून वेळ मारून नेली. शेवटी पासबुक मागितल्यावर बिंग फुटलं, आणि मग त्याने सगळी रक्कम भरली. आता अर्धी कमिटी म्हणते की पैसे आले, प्रभूने क्षमा करायला सांगितलंय, विषय मिटवा. उरलेली अर्धी म्हणते की सभासदत्वच काढून घ्या. त्याच्या बाजूच्या एकाने तर राहाबेचा, म्हणजे इस्राएलच्या हेरांना लपवणाऱ्या यरीहोतल्या बाईचा, दाखला दिला: ती खोटं बोलली, तरी विश्वासवीरांच्या यादीत तिचं नाव आहेच ना? विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्या आहेत. सगळं खोटं सारखंच का? राहाबेचं काय करायचं? आणि या माणसाचं चारित्र्य ठरवायचं कशावरून?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिली दोन त्याच्याच पोटात आहेत. पवित्र शास्त्रात खरेपणा मोजायचा म्हणजे खरं बोलण्याचा तोटा कोणी सोसला ते पाहायचं. स्तोत्र १५ विचारतं, परमेश्वराच्या मंडपात कोण राहील? जो मनापासून सत्य बोलतो, जो जिभेने चुगली करत नाही, आणि चौथ्या वचनात, जो स्वतःचं नुकसान झालं तरी वाहिलेली शपथ फिरवत नाही. लगेच पाचव्या वचनात व्याज आणि लाच येते. जीभ आणि पैसा यांचा हिशेब एकाच पानावर मांडलेला आहे. तुमच्या खजिनदाराचंही तेच झालं, फक्त त्याने दोन्हींचा तोटा मंडळीच्या नावे टाकला.

शब्दापासूनच सुरुवात करू. जुन्या करारात 'सत्य' या अर्थी येणारा हिब्रू शब्द 'एमेथ'. दर रविवारी आपण म्हणतो तो 'आमेन' त्याच धातूतला. मूळ अर्थ पक्कं, हलणार नाही असं, ज्यावर भार टाकता येतो असं. म्हणून खोटं बोलणं म्हणजे नुसतं चुकीचं विधान करणं नव्हे. कुणी भार टाकल्यावर तुळई निघून येणं. छपराच्या निधीबाबत हे फारच शब्दशः झालं, पण असो.

दहा आज्ञांतली आज्ञा आहे 'आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको'. (कॅथलिक आणि लूथरन लोकांच्या मोजणीत ती आठवी, बाकी बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत नववी. एकाने 'आठवी' आणि दुसऱ्याने 'नववी' म्हटलं तर दोघांत मतभेद आहे असं समजू नका.) ती मुळात पंचांसमोरची, न्यायसभेतली आज्ञा आहे. निर्गम २० मध्ये (निर्गम, लेवीय आणि अनुवाद ही जुन्या करारातली नियमशास्त्राची पुस्तकं) साक्षीला जो शब्द वापरलाय त्याचा अर्थ 'खोटी'. अनुवाद ५ मध्ये तीच आज्ञा पुन्हा येते, तिथे शब्द बदलतो आणि अर्थ 'पोकळ' असा होतो. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको या आज्ञेतही तोच शब्द आहे. म्हणजे उघड असत्य तर नकोच, पण आत काहीच नसलेलं भरीव बोलणंही नको. "एफडीत टाकलेत" हे दोन्हीत बसतं. अनुवाद १९ मध्ये तर खोट्या साक्षीदाराला सरळ शिक्षा आहे: दुसऱ्यावर जे आणायचा त्याचा बेत होता, तेच त्याच्यावर आणा.

न्यायसभेबाहेरचं खोटं चालतं असा याचा अर्थ नाही. लेवीय १९:११ मध्ये चोरी, फसवणूक आणि लबाडी एका दमात येतात, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी खरी तागडी, खरी वजनं, खरी मापं. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात, अगदी तेच. प्रेषित पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, ४:२५ मध्ये, कारण देतो ते मात्र वेगळंच आहे: लबाडी सोडून खरं बोला, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. नरकाची भीती नाही, बक्षिसाची लालूच नाही. पाय खड्ड्यात पडणार हे डोळ्याला दिसत असताना डोळ्याने 'रस्ता सपाट आहे' असं कळवायचं नसतं, एवढं साधं.

आता सगळं खोटं सारखंच का? नाही. आरंभीच्या काळातला थोर धर्मशास्त्री ऑगस्टिन याने इसवी सन ३९५ च्या सुमारास खोट्याचे आठ प्रकार लावले, जड ते हलके अशा क्रमाने. सगळ्यात हलके शेवटचे दोन: कुणाचंही नुकसान न करता कुणाचा जीव वाचवणारं, आणि कुणाचं शील वाचवणारं. त्याच्या लेखी तेही पापच, पण हलकं. सगळ्यात जड कोणतं, तर धर्म शिकवताना बोललेलं खोटं. यावर पुढे येऊ, कारण तुमच्या मंडळीवर ती वेळ लवकरच येणार आहे. तेराव्या शतकात धर्मशास्त्री थॉमस अक्विनासने तीनच ढीग केले: गमतीचं, उपयोगाचं आणि घातकी. मराठीत हे भेद आधीपासून आहेतच. लोणकढी थाप गमतीची. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे उपयोगाचं. बनाव, भूलथापा, खोटा आळ हे घातकी. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २४८४) खोट्याचं वजन ठरवताना चार गोष्टी बघायला सांगतो: कोणतं सत्य मोडलं, परिस्थिती काय, हेतू काय, आणि ज्याला फसवलं त्याचं नुकसान किती. या चार गोष्टी तुमच्या प्रकरणाला लावून बघा. मोडलेलं सत्य म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या ठेवीचा हिशेब. परिस्थिती अशी की माणूस पदावर होता आणि विचारणाऱ्यांना विचारायचा पूर्ण हक्क होता. हेतू स्वतःची सोय. नुकसान म्हणजे सात महिने थांबलेलं काम आणि दान देणाऱ्यांचा भरवसा. शिवाय एकदा नाही, दोनदा विचार करून. हे हलक्या ढिगात बसत नाही.

राहाबेचा दाखला इथे का चालत नाही, ते नीट समजून घ्या, कारण मंडळीत हा मुद्दा हमखास निघतो. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात ती दोन हेरांना गच्चीवर जवसाच्या काड्यांखाली लपवते आणि राजाच्या माणसांना सांगते की ते अंधार पडताना निघून गेले. नव्या करारात तिची वाखाणणी दोन ठिकाणी आहे: इब्री ११:३१ आणि याकोब २:२५. दोन्ही वचनं उघडून वाचा. हेरांना घरात घेतलं आणि दुसऱ्या वाटेने पाठवलं, याचं कौतुक आहे. थापेबद्दल अवाक्षर नाही. ऑगस्टिनने नेमकं यावर बोट ठेवलं: देवाने तिच्या दयेचं फळ दिलं, फसवणुकीचं नाही. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या, फारोला थाप मारून इब्री मुलगे वाचवणाऱ्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींबद्दलही त्याचं हेच म्हणणं.

सगळ्यांना हे पटलेलं नाही, हेही खरं. जॉन कॅसियन या ऑगस्टिनच्याच काळातल्या साधूच्या ग्रंथात खोट्याला विषारी औषधाची उपमा आहे: मरणाच्या दारातल्या रोग्याला ते वाचवतं, धडधाकट माणसाने घेतलं तर मारतं. विसाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला, कारण दारात नाझी उभे होते आणि तळघरात यहुदी लपलेले होते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या १९९२ च्या पहिल्या आवृत्तीत खोट्याच्या व्याख्येत 'ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे त्याला' फसवणं असे शब्द होते. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ते काढले. म्हणजे अजूनही दोरी ऑगस्टिनच्या बाजूला ओढलेली आहे, पण ती ओढावी लागली. मात्र गप्प राहायची मुभा सगळ्यांनीच ठेवली आहे. ज्याला हक्क नाही त्याला सत्य सांगायला कुणीही बांधील नाही, हे त्याच ग्रंथात २४८९ व्या परिच्छेदात आहे. नाझींना विरोध करणारा जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर याने १९४३ मध्ये बर्लिनच्या टेगल तुरुंगात एक अपुरा राहिलेला निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण असं: शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतात, तुझा बाप वरचेवर दारू पिऊन घरी येतो, खरं का? ते खरं असतं. मुलगा नाही म्हणतो. बॉनहॉफरचं म्हणणं, उत्तर खोटं आहे, पण दोष प्रश्नाचा आहे. शिक्षकाला त्या घरात डोकावायचा अधिकार नव्हता.

मला स्वतःला जीव वाचवण्याच्या प्रसंगात राहाबेला दोष देणं जमत नाही. पण एवढं लक्षात ठेवा: राहाबेने आपली मान धोक्यात घालून दुसऱ्याची वाचवली. सुइणींनी फारोच्या रागाचा धोका पत्करला. वर्गातल्या मुलाने बापाची अब्रू राखली. खोट्याचा तोटा यांच्याकडे आला, नफा दुसऱ्याकडे गेला. खजिनदाराच्या बाबतीत हे बरोबर उलटं आहे, आणि विचारणारी कमिटी म्हणजे यरीहोच्या राजाची माणसं नव्हेत. राहाबेला या भानगडीतून सोडून द्या.

आणखी एक पळवाट येईल, आधीच सांगून ठेवतो. "एफडी होतीच की, माझ्या नावावर." हे आपलं 'नरो वा कुंजरो वा'. अर्धं वाक्य मोठ्याने, उरलेलं मनात. युरोपात काही धर्मशास्त्र्यांनी या युक्तीला शास्त्राचं रूप दिलं होतं. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ मध्ये तसल्या मतांचा साफ निषेध केला. युधिष्ठिराचा रथ जमिनीला टेकला तो याच कारणाने, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरावं अशी तुमची इच्छा होती? खोट्याची व्याख्या तिथे ठरते.

आता मुख्य भाग. प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय: हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा, खोटं बोलून जागीच कोसळून मेलेलं जोडपं. हा उतारा बहुतेक वेळा धाक घालायला वाचतात, त्यामुळे त्यातला हिशेब कुणी बघत नाही. चौथ्या अध्यायाच्या शेवटी बर्णबा शेत विकून सगळी रक्कम प्रेषितांच्या चरणी ठेवतो. मग हनन्या येतो, तोही मालमत्ता विकतो, थोडी रक्कम मागे ठेवतो आणि उरलेली 'सगळी' म्हणून आणतो. मागे ठेवण्यासाठी ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच यहोशवा ७:१ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात, लुटीतला माल लपवणाऱ्या आखानाच्या प्रसंगात, आलंय, म्हणजे अफरातफर. पण पेत्र चौथ्या वचनात काय म्हणतो? विकण्यापूर्वी ती तुझीच नव्हती का? विकल्यावरही पैसे तुझ्याच ताब्यात नव्हते का? थोडक्यात, अर्धे दिले असते तरी चाललं असतं. कुणी सक्ती केली नव्हती. त्याला दानाचा खर्च अर्धा हवा होता आणि नाव पुरं. मग तीन तासांनी सप्पीरा येते, आणि पेत्र तिला सापळा लावत नाही, सरळ आकडा विचारतो: शेत एवढ्यालाच विकलं का? 'नाही' म्हणायची संधी तिच्यासमोर आयती ठेवलेली होती.

हा प्रश्न विचारतोय कोण, तेही बघा. पेत्र. ज्याने महायाजकाच्या वाड्यात एका रात्रीत तीनदा येशूबद्दल 'मी त्या माणसाला ओळखत नाही' म्हटलं, आणि मत्तयाच्या वृत्तांतात तर शापशपथा घेऊन म्हटलं. तीन खोटी तो स्वतः बोलला होता, सप्पीरेने एकच. फरक कुठे पडला? पेत्राचं खोटं चारही शुभवर्तमानांत लिहिलेलं आहे. आपल्या सगळ्यात मोठ्या पुढाऱ्याची लबाडी त्या पहिल्या मंडळीने झाकली नाही, आणि त्यानेही झाकायला लावली नाही. योहान २१ मध्ये तीन नकारांसाठी तीनदा 'माझ्यावर प्रीती करतोस का' हे ऐकून घ्यावं लागलं, इतर शिष्यांच्या देखत. खोटं बोलून गेलेला माणूस आणि खोट्यावर घर बांधून राहिलेला माणूस यांत शास्त्र असा भेद करतं.

पुण्यातलंच एक उदाहरण उलट्या बाजूचं. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं, १८९० मध्ये पुण्यात आलं. सदनात धर्माचा प्रचार होणार नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतः प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून शहरात गदारोळ झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. वचन मोडलं की नाही यावर आजही दोन मतं होऊ शकतात. पण दार लावून घेतलं असतं तर वाद टळला असता, आणि त्यांनी ते लावलं नाही. जे आहे ते उघड ठेवलं आणि त्याची किंमत संस्थेने मोजली.

आता परतफेडीचा हिशेब, कारण 'पैसे आले, विषय संपला' हे शास्त्राला धरून नाही. लेवीयच्या सहाव्या अध्यायातली पहिली पाच वचनं (काही प्रतींत ती पाचव्याच्या शेवटी छापलेली असतात) जणू तुमच्यासाठीच लिहिली आहेत: शेजाऱ्याने सोपवलेल्या ठेवीबाबत कुणी लबाडी केली, खोटी शपथ वाहिली, आणि आपला दोष ओळखला, तर मुद्दल अधिक एक पंचमांश परत करायचा. म्हणजे ६०,००० वर १२,०००, एकूण ७२,०००. पण निर्गमाचा बाविसावा अध्याय काढा. तिथे चोर पकडला जातो. चोरलेलं जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट, विकलं किंवा कापलं असेल तर मेंढराला चौपट आणि बैलाला पाचपट. तुमच्या आकड्यात दुप्पट म्हणजे १,२०,००० आणि चौपट म्हणजे २,४०,०००. एकीकडे पंचमांश, दुसरीकडे पटी, हा फरक का? सर्वसाधारणपणे लावला जाणारा अर्थ असा की लेवीयातला माणूस आपण होऊन येतो, निर्गमातला पकडला जातो. आपण होऊन कबूल करणाऱ्याला नियमशास्त्राने चक्क सवलत दिली आहे, कारण कबुलीचं मोल फार आहे. आता लूक १९ मधला जकातदार जक्कय बघा. त्याला कुणी पकडलं नव्हतं, पंचमांशावर भागलं असतं. तो उभा राहून म्हणतो, फसवून घेतलं असेल तर चौपट देतो. पकडल्या गेलेल्या चोराचा जड दर त्याने स्वतः निवडला. आपणच आपल्यावर दंड बसवला, आणि येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं.

तुमचा खजिनदार पासबुक मागितल्यावर बोलला. म्हणजे तो लेवीयाच्या सवलतीत बसत नाही. हे दर आजच्या मंडळीवर कायदा म्हणून लागू नाहीत, पण मोजपट्टी म्हणून वापरता येतात. माझा सल्ला असा: प्रत्यक्ष नुकसान मागून घ्या. सात टक्के व्याज धरलं तर ६०,००० वर सात महिन्यांचे २,४५० होतात. छपराच्या कामाचं कोटेशन मधल्या काळात वाढलं असेल तर तो फरकही. पंचमांश किंवा दुप्पट मात्र मागू नका. तो स्वतः काढतो का ते बघा. मागून घेतलेल्या दंडातून माणसाबद्दल काहीच कळत नाही.

कमिटीने नेमकं काय करायचं? आधी कागद, मग माणूस. पावती पुस्तक, रोखवही आणि बँकेचा उतारा दोघांनी मिळून जुळवायचा, तारखांसकट. हे न करता बोलायला बसलात तर बैठकीचं कीर्तन होतं आणि हाती काही लागत नाही. मत्तय १८ चा क्रम आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीसमोर असा आहे. पण पदावरच्या माणसासाठी १ तीमथ्य ५ मध्ये वेगळी तरतूद आहे. दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप ऐकायचा नाही, आणि पाप सिद्ध झालं तर सगळ्यांसमोर बोलायचं. इथे एकांताची पायरी संपलेली आहे, कमिटीने दोनदा विचारून झालेलं आहे.

मग त्याला बोलू द्या आणि वाक्यांचा कर्ता ऐका. मराठीत कर्ता लपवायची फार सोय आहे. "पैसे वापरले गेले." "थोडी गडबड झाली." "गैरसमज झाला." "चूक झाली असेल तर माफी." यातलं एकही वाक्य कबुली नव्हे, यात कुणीच काही केलेलं नाही. "मी घेतले. मी खोटं सांगितलं." इथे कबुली सुरू होते. स्तोत्र ५१ मध्ये, बथशेबेशी व्यभिचार केल्यावर, दावीद राजा 'माझे अपराध', 'माझं पाप' असंच म्हणतो, बथशेबेवर किंवा परिस्थितीवर ढकलत नाही. कर्ता सापडेपर्यंत घाई करू नका, आणि शब्द त्याच्या तोंडात घालूही नका.

ज्यांच्यासमोर खोटं बोललं त्यांच्यासमोरच ते मागे घ्यायचं. कमिटीसमोर बोललं असेल तर कमिटीसमोर. अहवालात वाचलं गेलं असेल तर मंडळीसमोर. निवेदन चार वाक्यांचं पुरे: छप्पर निधीतले ६०,००० रुपये मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत स्वतःसाठी वापरले. कमिटीने दोनदा विचारलं तेव्हा एफडी केल्याचं मी खोटं सांगितलं. पासबुक मागितल्यावरच मी कबूल केलं. रक्कम अमुक तारखेला भरली, पावती क्रमांक अमुक. तिसरं वाक्य गाळायचा प्रयत्न होतो, दर वेळी. ते गाळलं तर बाकीची तीन खरी असूनही ऐकणाऱ्याला वाटतं की माणूस आपण होऊन आला. हनन्याचंच दान झालं ते, अर्धं देऊन पुरं नाव.

क्षमा आणि पद यांची गल्लत करू नका. क्षमा आजच करा. पद वेगळं. १ तीमथ्य ३:८ मध्ये सेवकांची अट आहे की ते दुतोंडे नसावेत, आणि दहाव्या वचनात आधी त्यांची पारख व्हावी असं आहे. किती काळ ते शास्त्र सांगत नाही. सलग दोन वर्षांचं ऑडिट स्वच्छ जाईपर्यंत रोख रक्कम त्याच्या हाती देऊ नये, हे मला किमान वाटतं. बाकी सेवा करू द्या: गायन, आजाऱ्यांच्या भेटी, सतरंज्या उचलणं. सभासदत्व काढायचा विषय माणूस कबूल करायला नकार देतो तेव्हाचा. इथे तो नाही. (बारा शिष्यांतही पैशाची थैली एकाकडे होती आणि योहान १२:६ म्हणतं तो तिच्यातून काढत असे. यहूदाला मोजायला कुणी जोडीदार दिलेला दिसत नाही.)

'मिटवा' म्हणणाऱ्यांसाठी एक कोरडी गोष्ट. मंडळीचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल तर दरवर्षी हिशेब तपासणी होते आणि अनियमितता दिसली तर तपासनिसाने ती अहवालात लिहायची असते. प्रकरण झाकायचं म्हणजे त्याला काहीतरी सांगावं लागणार. एका माणसाचं खोटं क्षमा करता करता अख्ख्या कमिटीचं नवं खोटं तयार होईल, आणि त्यावर सह्या असतील.

'सगळ्यांना कळू दे' म्हणणाऱ्यांसाठीही एक. खरं असलेलं सगळं सगळीकडे बोलायची मुभा नाही. कारण नसताना कुणाचा खरा दोष पसरवणं आणि खोटा आळ घेणं ही दोन वेगळी पापं धर्मशिक्षणग्रंथाच्या २४७७ व्या परिच्छेदात शेजारी शेजारी ठेवली आहेत. मंडळीसमोर निवेदन झालं, तिथे संपलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर पासबुकाचा फोटो फिरवणारा सत्यवादी नव्हे, कंड्या पिकवणारा. लूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत याच आज्ञेखाली लिहिलंय की शेजाऱ्याच्या बाजूने बोलावं आणि सगळ्याचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा. खाती जुळवून झाल्यावर हे करायचं, आधी नव्हे.

त्याने हे आधी कुणाला सांगितलं होतं का, असाही प्रश्न निघेल. कॅथलिक पुरोहिताला कन्फेशनमध्ये सांगितलं असेल तर त्यांना विचारू नका; ते गुपित कोणत्याही कारणाने फोडता येत नाही, आणि त्यांचं गप्प राहणं हे खोटं नव्हे. प्रॉटेस्टंट पाळकांचं तसं नाही. विश्वासाने सांगितलेलं ते जपतात, पण माहीत असून कमिटीत 'मला कल्पना नव्हती' म्हणाले असतील तर दुसरी बैठक त्यांच्यासाठी लावावी लागेल.

आता ती आधी टाळलेली गोष्ट. तीन-चार महिन्यांत कुणाला तरी सुचेल की याला संजीवन सभेत (विश्वास जागवणाऱ्या खास प्रार्थनासभेत) साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सांगायला, उभं करू. आपल्याकडे न्यायसभेतल्या साक्षीला आणि देवळातल्या साक्षीला एकच शब्द आहे, हे फार बरं आहे. आज्ञा दोन्हींना लागू होते. ऑगस्टिनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जे खोटं आहे ते इथेच जन्मतं. साक्ष दर वेळी थोडी फुगते. ६०,००० चे दोन लाख होतात, पासबुक नाहीसं होतं, आणि 'एका रात्री प्रभूने माझ्याशी बोलून मला कबूल करायला लावलं' असं वाक्य शिरतं. आजार बरा झाल्याच्या साक्षींतही हेच: गोळ्या चालू असतात, फक्त सांगायच्या राहतात, आणि ऐकणाऱ्या मावशी घरी जाऊन इन्सुलिन बंद करतात. देवाचं नाव मोठं व्हावं म्हणून थोडं वाढवलं, असं समर्थन असतं. ईयोब १३:७ मध्ये ईयोब मित्रांना नेमकं हेच विचारतो, देवाच्या बाजूने तुम्ही कपटाने बोलणार काय? पहिलं वर्षभर त्याला साक्षीला उभं करू नका. नंतर केलंत तर ती चार वाक्यं लिहून द्या, आणि आकडा तोच.

शेवटी टेबलावरचं काम. पौल यरुशलेमेसाठी वर्गणी नेत होता तेव्हा त्याने एकट्याने नेली नाही. २ करिंथ ८ मध्ये बरोबर माणसं घेतली आणि कारणही लिहिलं, की या मोठ्या रकमेबद्दल कुणी दोष लावू नये, देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही. तुमच्याकडे उपासना संपल्यावर दानाच्या थैल्या रिकाम्या होतात तेव्हा टेबलाशी दोघे हवेत, एकमेकांच्या नात्यातले नकोत. वहीत नोटांचे रकाने: ५००, २००, १००, ५०, २०, १०, नाणी. दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, आकडा खोडला तर शेजारी पुन्हा दोन सह्या. रक्कम सोमवारी बँकेत, आणि स्लिप त्याच पानाला टाचणीने. अशा प्रकरणांची सुरुवात सहसा चोरीने होत नाही, 'पुढच्या सोमवारी भरू' ने होते; मुलाची फी मध्ये येते, हातउसने घेतल्यासारखं वाटतं, आणि विचारणा झाली की एफडी सुचते. निधी वेगळ्या खात्यात ठेवा, चेकवर दोन सह्या ठेवा, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पासबुकाची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लावा. पहिली या महिन्याचीच लावा, छप्पर निधीची, परत भरलेल्या ६०,००० च्या नोंदीसकट.